पुरावा काय, आबा?

शालेय पोषण आहाराच्या हिशेबात पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरतात आणि सहावीपासून १५० ग्रॅम. म्हणजे मे महिन्यात पाचवी पास झालेलं पोर जूनमध्ये सहावीच्या बाकावर बसलं, की सरकारदरबारी त्याची भूक दीडपट होते. शिक्षण हक्क कायद्याचंही तसंच. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. भूक वाढली, दिवस वाढले, तास वाढले. याच वयात आणखीही एक गोष्ट वाढते, पण तिची नोंद कुठल्या परिपत्रकात सापडत नाही. ती म्हणजे पुरावा मागायची खोड.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर उच्च प्राथमिकच्या तिन्ही इयत्ता हजर असतात. सहावी शेजारच्या घरातून येते, आठवी समोरच्या आळीतून, आणि सातवी, म्हणजे माझी पुतणी, घरचीच. तिघांची शाळा जिल्हा परिषदेची. जून ते दिवाळी हे पहिलं सत्र कसं चाललंय, हे कळायला मला प्रगतिपुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. ओट्यावर बसून चहा प्यायला तरी पुरतं.

पाचवीपर्यंत शाळा मुलांना माहिती देते असं माझं मत आहे. सहावीपासून ती हत्यारं देऊ लागते. आणि नवं हत्यार हातात आलं की माणूस ते आधी घरातच चालवून बघतो.

सातवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ 'इतिहासाची साधने'. किल्ले, नाणी, ताम्रपट ही भौतिक साधनं. पत्रं, फर्मानं, बखरी ही लिखित. ओव्या, पोवाडे, दंतकथा ही मौखिक. पाठ निरुपद्रवी दिसतो. पण तो झाला त्याच आठवड्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपली नेहमीची गोष्ट काढली. ते लहानपणी पाच कोस चालत शाळेत जात. वाटेत ओढा. ओढ्याला पूर. दप्तर डोक्यावर. ही गोष्ट आमच्या घरात दोन पिढ्या बिनतक्रार चालत आली होती.

पुतणी म्हणाली, "आबा, हे मौखिक साधन झालं. लिखित काही आहे का?"

आबा चिडले नाहीत, उलट खूश झाले. नातीला इतिहासाची गोडी लागली म्हणून त्यांनी ट्रंकेतून शाळा सोडल्याचा जुना दाखला काढला. दाखल्यावर शाळा निघाली शेजारच्या वाडीची. ही वाडी आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर आहे. आबांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "तेव्हा वाट वळणाची होती." दाखल्यात 'वर्तणूक' या रकान्यापुढे 'बरी' असंही लिहिलेलं होतं. त्यावर पुतणीने काही विचारलं नाही. हा तिचा चांगुलपणा.

पण पाठ तेवढ्यावर संपत नाही. साधनं पारखून घ्यावीत, असं पुस्तक सांगतं. फेकून द्यावीत, असं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं वर्गात सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "अंतर दाखल्यावरून घे. पण पुराच्या पाण्यातून जाणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला ते केवढं वाटलं, ते दाखल्यात नाही मिळणार. ते आबांकडनंच घे." घरी येऊन तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले. आबांना त्यातला आपला आकडा तेवढा वाचून दाखवला. सातवीच्या मुलीला एवढं राजकारण जमतं.

पुढे १ ऑगस्ट आला. या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये भाषणांचा पाऊस पडतो. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला, आणि अण्णा भाऊ वाटेगावात जन्मले तेही १ ऑगस्ट १९२० लाच. वर्षही तेच, हे मला पुतणीमुळे कळलं. टिळकांवरच्या भाषणात शेंगा आणि टरफलं यायलाच हवीत, असा अलिखित नियम आहे. सहावीतल्या गड्याने ती गोष्ट जोरात पाठ केली होती. सातवीने ओट्यावरूनच हटकलं, "टरफलं कुठल्या साधनात बसतात?" तो म्हणाला, "भौतिक." ती म्हणाली, "मग दाखव." त्याने थोडा विचार केला आणि स्वतःच्या खिशातली दाखवली.

सहावीचाही दारूगोळा काही कमी नाही. नागरिकशास्त्रात गावचा कारभार आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, हे कळल्यापासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "काका, मागच्या ग्रामसभेला होता का?" त्यामुळे काही माणसं हल्ली पलीकडच्या बोळातून जातात. गणितात त्याला ऋण संख्या भेटल्या आहेत. आईने वीस रुपये दिले आणि भेळ पंचवीसची खाल्ली, तर आपल्याजवळ उणे पाच रुपये आहेत, असं तो अभिमानाने सांगतो. भेळवाल्याला मात्र या संख्या अजून कोणी शिकवलेल्या नाहीत.

पण या सत्रातली सगळ्यात मोठी लढाई आठवीने लढवली. भूगोलाचा पाठ होता 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ'. भारताची घड्याळं ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत. हे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जातं. एका रेखावृत्ताला चार मिनिटं, हा हिशेब. आमचं गाव ७४ च्या आसपास. साडेआठ गुणिले चार, चौतीस मिनिटं. म्हणजे मिर्झापूरच्या डोक्यावर सूर्य आला, तरी आमच्या डोक्यावर यायला त्याला आणखी चौतीस मिनिटं लागतात. हे गणित आठवीतल्या पोराने मनापासून केलं. इतकं मनापासून, की साडेदहाच्या शाळेत तो अकराला पोचला आणि सरांना म्हणाला, "सर, आपल्या गावच्या स्थानिक वेळेप्रमाणे आत्ता दहा सव्वीस झालेत. मी चार मिनिटं लवकर आलोय."

सर जुने होते. त्यांनी वही मागवली, गणित तपासलं, बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. बस. संध्याकाळी सुटायचं तेही स्थानिक वेळेप्रमाणेच. बाकीचे पाचला जातील, तू पाच चौतीसला." प्रमाण वेळ कशासाठी हवी, हे त्या दिवशी अख्ख्या वर्गाला स्वाध्याय न सोडवता समजलं.

हेच पोर ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनाच्या स्वयंशासनात, पाचवीच्या वर्गावर भूगोलाचे सर म्हणून गेलं. शाळेत मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने जाताना मोजपट्टी नेली. 'नकाशा दाखवायला' नेली म्हणे. तास संपल्यावर गळून बाहेर आला आणि म्हणाला, "ऐकतच नाहीत हो! सारखं 'का, का' विचारतात." सर व्हरांड्यात उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबर २०२५ ला, खग्रास चंद्रग्रहण आलं. सातवीच्या भूगोलात सूर्य, चंद्र आणि पृथ्वीचा पाठ नुकताच झाला होता. आमच्या आईने दुपारपासूनच वेध पाळायचं ठरवलं. पाण्यावर, दुधावर तुळशीचं पान आलं. पुतणीने आजीशी वाद घातला नाही. तिने मोसंबं, लिंबू आणि बॅटरी घेऊन आजीला पृथ्वीची सावली दाखवली. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हेही सांगितलं. आजीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "कळलं. पान काढू नकोस." रात्री अकराला चंद्र तांबडा झाला, तेव्हा गच्चीवर सगळ्यात आधी आजीच होती. पान झाकणावर होतं आणि आजी गच्चीवर. दोघींनाही आपण जिंकलो असं वाटलं. घर चालण्यासाठी असे निकाल फार उपयोगी पडतात.

खरा पेच पडला तो दळणावरून. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधान आहे, मूलभूत हक्क आहेत. एका रविवारी वहिनीने आठ किलो ज्वारीचा डबा पुढे केला आणि गिरणीत जायला सांगितलं. उत्तर आलं, "अनुच्छेद २४. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही." वहिनी म्हणाली, "गिरणी हा कारखाना नाही." पुतणी म्हणाली, "पट्टा फिरतो. धोक्याचं काम आहे."

दाखल्याचं प्रकरण आबा विसरले नव्हते. ते आतून ओरडले, "हक्क झाले, आता कर्तव्यं वाच!"

तिने लगेच पुस्तक उघडलं आणि मूलभूत कर्तव्यं मोठ्याने वाचली. एकूण अकरा. त्यांत दळण नव्हतं. पण वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक वृत्ती वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे आबांना दाखला मागितला तो आगाऊपणा नव्हता, ती घटनेची अंमलबजावणी होती. अकरावं कर्तव्य तर २००२ साली खास वाढवलेलं. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे आईबापांचं कर्तव्य. बाण सोडला होता आबांनी, लागला माझ्या भावाला. तो मुकाट्याने उठला आणि डबा सायकलला अडकवू लागला.

शेवटी ती बरोबर गेली. तिथे दळणाच्या आधी आणि नंतर वजन करून घेतलं, घट किती आली ते लिहून आणलं, आणि शेकड्यात काढलं. गिरणीवाला तेव्हापासून आमचं दळण जरा जपून दळतो.

पालक मला विचारतात, या सत्रात मुलं नेमकं काय शिकली? दिवाळीच्या आधी संकलित मूल्यमापन होईल, श्रेणी लागेल, तेव्हा कळेलच. पण आकारिक मूल्यमापनाच्या तक्त्यात तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय असे रकाने असतात. 'घरच्यांची उलटतपासणी' असा रकाना नसतो. तो असता, तर आमच्या ओट्याला अ-१ श्रेणी मिळाली असती. आपली गंमत अशी, की मुलाने प्रश्न विचारावेत म्हणून आपण विज्ञान प्रदर्शनात टाळ्या वाजवतो, आणि तोच प्रश्न घरात आला की त्याला उलट उत्तर म्हणतो. पुस्तकातलं पुस्तकात राहिलं की ते पाठांतर होतं. घरात आलं की त्रास होतो खरा, पण शिक्षण त्यालाच म्हणायचं.

आणि हा त्रास काही फार वर्षांचा नाही. नववीत गेलं की दहावीची भीती घरात शिरते. मग 'पुरावा काय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे परीक्षेला येणार आहे का?' एवढाच उरतो. सहावी, सातवी, आठवी ही तीनच वर्षं काय ती मोकळी. तेव्हा तुमच्या घरातून कोणी पुरावा मागितलाच, तर 'मोठ्यांना उलट बोलू नये' म्हणू नका. ट्रंक उघडा, दाखला शोधा. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहिलंय, तेवढं मात्र आधी स्वतः वाचून घ्या.