रत्तलामागे काय भाव?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं आपण थट्टेत म्हणतो. मुष्टियुद्धवाले तेच गंभीर चेहऱ्यानं म्हणतात आणि त्याला ‘पाउंड फॉर पाउंड’ असं भारदस्त नाव देतात. आपल्या आजीच्या भाषेत, रत्तलाला रत्तल. समजा, जगातले सगळे मुष्टियोद्धे एकाच वजनाचे असते, तर श्रेष्ठ कोण ठरला असता? ते तसे नाहीत म्हणून तर काटा आणला. आता वाद घालायचा तो काटा नाहीच असं समजून.

हा हिशेब मुळात हलक्यांच्या समाधानासाठी. जो लुईनं हेवीवेटचं जगज्जेतेपद १९३७ पासून १९४९ पर्यंत सांभाळलं, पंचवीस वेळा राखलं. त्याच काळात शुगर रे रॉबिन्सन नावाचा एक सडपातळ माणूस असं खेळत होता, की पाहणाऱ्याला वाटावं, बाकीचे नुसते मारामारी करताहेत. पण रॉबिन्सन लुईला हरवेल असं म्हणायची छाती कुणाची? मग पळवाट निघाली. लुई मोठा, पण रॉबिन्सन रत्तलाला रत्तल मोठा. मूर्ती लहान, कीर्ती महान. दोघंही खूश, गिऱ्हाईकही खूश.

खुद्द मुहम्मद अलीचा आदर्श रॉबिन्सन होता. तरी आपल्या सोसायटीत मुष्टियोद्ध्यांची नावं विचारून पाहा. अली आणि टायसन. दोन्ही हेवीवेट. तिसरं नाव यायच्या आत चहा येतो.

हलक्यांची आपसातली तुलना तर आणखी गमतीची. मॅनी पॅकियाओनं आठ वजनगटांत जगज्जेतेपदं मिळवली. हेन्री आर्मस्ट्राँगनं तीन. आठ मोठे की तीन, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. फक्त त्या पोराला हे माहीत नसतं, की आर्मस्ट्राँगच्या वेळी गटच मुळात आठ होते, आणि १९३८ मध्ये फेदर, लाइट आणि वेल्टर ही तिन्ही पदं एकाच वेळी त्याच्याकडे होती. १९४० मध्ये तो मिडलवेटसाठीही लढला, ती लढत बरोबरीत सुटली. आज गट सतरा-अठरा आणि प्रत्येक गटाला चार-चार संघटनांचे चार-चार पट्टे. आठ खोल्यांच्या वाड्यात तीन खोल्यांची मालकी एक, आणि सतरा खोल्यांच्या चाळीत, जिथं प्रत्येक खोलीला चार घरमालक, तिथल्या आठ खोल्या दुसऱ्या. माझं मत आर्मस्ट्राँगला. पॅकियाओवाल्यांनी दगड जपून मारावेत.

तरी पॅकियाओचं एक कबूल करू. पोरवयात रिंगणात उतरायला वजन कमी पडायचं, तेव्हा खिशात वजनं टाकून काट्यावर उभा राहायचो, हे त्यानंच सांगितलंय. काम व्हायला वजन ठेवावं लागतं, हे आपल्याकडे कचेरीत शिकवतात. त्याला काट्यानं शिकवलं. तोच पोरगा २०१० मध्ये १४४.६ रत्तलांवर उभा राहून १५० रत्तलांच्या मार्गारितो नावाच्या मुष्टियोद्ध्याला बदडून गेला.

आणि ज्या रत्तलावर हा सगळा हिशेब, तो तरी कुठं खरा? वजन होतं लढतीच्या आदल्या दिवशी. गडी घाम गाळून, पाणी तोडून मनुक्यासारखा सुकतो, काट्यावर चढतो, उतरला की घटाघटा पाणी पितो. दुसऱ्या दिवशी रिंगणात येतो तो कागदावरचा माणूस नसतोच.

काटा बाईमाणसालाही सोडत नाही. मेरी कोमची जगज्जेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोंतली. २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिकमध्ये महिलांचं मुष्टियुद्ध आलं, तेव्हा पुरुषांना दहा गट आणि महिलांना तीन. सर्वांत हलका ५१ किलोंचा. मेरीनं वजन वाढवलं आणि ब्राँझ आणलं. ते सोनं का नाही, असं विचारणाऱ्यांनी आधी काटा पाहावा.

कुस्तीत आपणही काही वेगळे नाही. महाराष्ट्र केसरीची गदा वजनदार गटातल्या मल्लाच्याच खांद्यावर जाते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक मात्र बँटमवेटच्या खाशाबा जाधवांनी आणलं, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीत. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण मृत्यूनंतर. हलक्यांच्या फाइलवर वजन कोण ठेवणार!

जाधवांच्या पदकाच्या बरोबर चार आठवडे आधी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर रत्तलाचा खरा निकाल लागायचा होता. मिडलवेटचा रॉबिन्सन थेट लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्झिमशी भिडला. याचं वजन १५७ रत्तलांच्या वर, त्याचं १७३. रात्रीची वेळ, तरी रिंगपाशी पारा ४० अंशांवर. रॉबिन्सन तिन्ही गुणपत्रिकांवर पुढं होता. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीनच उकाड्यानं गळाला, बदली पंच आणावा लागला. पंच खाऊन माणूस पडतो हे ठाऊक होतं. इथं पंचच पडला. तेराव्या फेरीत रॉबिन्सननं हवेत ठोसा मारला आणि स्वतःच तोंडावर आपटला. चौदाव्या फेरीची घंटा झाली, तेव्हा त्याला स्टुलावरून उठवेना. दोनशे लढतींच्या कारकिर्दीत तो असा अर्ध्यावर एकदाच थांबला.

लोक म्हणाले, रॉबिन्सनला मॅक्झिमनं नाही, उकाड्यानं हरवलं. जिंकलेला मॅक्झिम बिचारा कुरकुरत राहिला, की माझ्या कोपऱ्यात काय एसी बसवला होता?