चिंच, राख आणि आमचे हे

हे निवृत्त झाले आणि घरात एक नवा अधिकारी रुजू झाला. खातं त्यांनी स्वतःच निवडलं: केमिकलमुक्त स्वच्छता. सिंकखालच्या बाटल्या एका सकाळीच भंगारवाल्याकडे रवाना झाल्या. त्यांच्या जागी लिंबं, चिंच, रिठे, खायचा सोडा आणि व्हिनेगर येऊन बसलं. तेव्हापासून आमटीला चिंच हवी असेल तर मला मोरीत जाऊन मागावी लागते.

माझा चिंचेला विरोध नाही. काळवंडलेल्या समईवर चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ चोळावं, तो काळपट थर आंबटात विरघळून बोटांवर उतरतो आणि खालून पिवळंधमक पितळ वर येतं. ते बघायला मलाही आवडतं. पण समईच्या गळ्याशी, कंगोऱ्यात, वर्षानुवर्षांचं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. तिथे चिंच हात टेकते. तिथे राखच हवी. राखेतला क्षार तेलाला भिडला की घासता घासता त्याचा थोडा साबणच होतो. माझी आजी तेलकट कढईला राख लावायची आणि पितळेला चिंच. दोन्ही एकत्र कालवायचा उद्योग तिने कधी केला नाही.

ह्यांनी केला. म्हणजे सोडा आणि व्हिनेगर. बेसिनमध्ये सोडा पसरून वरून व्हिनेगर ओतलं, फसफसून फेस आला आणि हे दोन पावलं मागे सरून कौतुकाने बघत राहिले. शेजारची दहावीतली मुलगी वाटीभर साखर मागायला आली होती. ती म्हणाली, "काका, आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून टाकतात. हा फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. खाली उरलं ते खारट पाणी."

"अगं, पण फेस बघ ना!" हे म्हणाले.

राखेचं मात्र अडलं. फ्लॅटमध्ये चूल कुठली? ऑनलाइन राख पाकिटातून मिळते, हे कळल्यावर मी काही वेळ खुर्चीत बसून राहिले. शेवटी कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याने ती फुकट दिली. वर, साहेबांना पेन्शन कमी पडते का, अशी चौकशीही केली.

ओट्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण मला अजून राग येतो. आमचा ओटा कडप्प्याचा. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला आंबट सोसत नाही. ह्यांनी डाग काढायला त्यावर लिंबाची फोड रात्रभर उपडी ठेवली. डाग तसाच राहिला आणि शेजारी एक पांढुरका गोल उमटला. "नैसर्गिक आहे," असं त्याचं समर्थन झालं.

सध्या बायोएन्झाइम चालू आहे. गूळ एक भाग, संत्र्याच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग आणि तीन महिने थांबायचं. आत वायू साठतो म्हणून पहिला महिना रोज झाकण सैल करावं लागतं. तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसे हे सकाळी प्रत्येक बरणी हाताळतात. परगावच्या लग्नांना आता आम्ही आळीपाळीने जातो. गूळ आंबवल्यावर काय वास सुटतो, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जिन्यात तो दरवळायला लागल्यापासून आमचा वॉचमन ह्यांना जरा जास्तच अदबीने सलाम करतो. परवा हळूच विचारत होता, "साहेब, कधीपर्यंत तयार होईल?"

या सगळ्यात आमच्या मावशी गप्प होत्या. त्या कामाला बिचकणाऱ्या नाहीत. गावाकडे अख्खा जन्म राखेने भांडी घासलेली. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी देवाची सगळी भांडी, समया आणि माळ्यावरचा हंडा त्यांच्यापुढे मांडला, बाजूला चिंचेचा गोळा ठेवला आणि आपण चिंचेतल्या टार्टारिक आम्लाबद्दल बोलायला खुर्ची ओढून बसले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, लिक्विडनं घासायचे पैसे निराळे, चिंचेनं घासायचे निराळे. ह्यात मनगट जातं."

ह्यांनी कागद-पेन्सिल मागवलं. तासभर घासाघीस झाली ती पगाराची. हंडा अजून मोरीतच आहे.