अभिनयाचे हप्ते

पोराने पाहुण्यांसमोर दोन नकला केल्या, की आईबाबांना त्याच्यात थेट सुपरस्टार दिसतो. लगेच गाठायची ‘टॅलेंट अकादमी’. आधी प्रवेश फी, मग पोर्टफोलिओची फी, शेवटी ‘इंडस्ट्रीतल्या मान्यवरां’च्या हस्ते सर्टिफिकेट. मान्यवर म्हणजे मालिकेत एकदा दार उघडून ‘साहेब, पाहुणे आलेत’ म्हणालेले काका! आणि पोर्टफोलिओत काय? लिपस्टिक फासून, कमरेवर हात ठेवून उभी असलेली सहा वर्षांची चिमुरडी. भूमिका असते समोरचे दात पडलेल्या शाळकरी पोरीची. ती पोर घरात होतीच की हो. पैसे मोजून घालवलीत.

त्यापेक्षा आपल्या बालरंगभूमीकडे बघा. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगमंचावर आणलं. पुढे नाटककार रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले. पोराला असलं एखादं बालनाट्य दाखवा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाची भूमिका मिळाली, तर मन लावून झाड होऊ द्या. गल्लीतल्या गणपतीपुढचा मांडव फुकट आहे, आणि तिथला प्रेक्षक भर प्रवेशात ‘आवाज!’ असं ओरडून शब्दफेक शिकवतो, तीही बिनफीची. शाळेला राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरायला सांगा.

एवढं करून खरंच काम मिळालं, तर नियम ऐका. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त तर नाहीच. मानधनातले किमान २० टक्के त्याच्याच नावावर मुदत ठेवीत जातात. त्यातून पोर्टफोलिओचा खर्च वळता करण्याची सोय कायद्यात नाही.