डीपीचं भविष्य काढण्याची सोपी रीत (नवशिक्यांसाठी)

गल्लीत सौर पॅनल, इंडक्शनच्या शेगड्या आणि विजेच्या स्कूटी वाढल्या तर कोपऱ्यावरच्या डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काय होणार, हे आधी काढता येतं. त्याला मॉडेल म्हणतात. साहित्य: शंभर पानी वही, पेन आणि चार जणांना चहा पाजण्याची तयारी. ओपनडीएसएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते सुरुवातीलाच विचारतं, तार कोणती?

तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या उरुणाच्या एखाद्या गल्लीत जाऊन मान वर करा. अॅल्युमिनियमच्या या तारांना साहेबाने प्राण्यांची नावं ठेवली आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. जाडी याच क्रमाने वाढते. वीझलचा रोध किलोमीटरला साधारण 0.9 ओहम, रॅबिटचा 0.54. खाली उभं राहून खार की ससा हे कळलं नाही तर लाजू नका. वरच्या कावळ्यालाही कळत नाही.

आता घरं मोजा. समजा डीपी 100 केव्हीएची आणि घरं 70. प्रत्येकी दोन किलोवॅट धरले की 140 होतात आणि नवशिक्याला घाम फुटतो. पुसून टाका. एका घरी मिक्सर चालतो तेव्हा दुसरीकडे गिझर नुकताच बंद झालेला असतो, तिसरं घर लग्नाला कराडला गेलेलं असतं. आपल्या या बेशिस्तीवरच डीपी आजवर तगली.

ऊन मात्र शिस्तीचं. दुपारी बाराला ते सगळ्या छपरांवर एकदम उतरतं. 2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे आणि त्यापुढे ते वाढत नाही, म्हणून जो तो तीनच म्हणतो. तीस घरांचे झाले 90 किलोवॅट. त्या वेळी घरात चालू काय, तर फ्रिज आणि आजोबांच्या डोक्यावरचा पंखा. उरलेली वीज डीपीकडे उलटी चालू लागते.

गणिताला घाबरू नका, नुसता गुणाकार आहे. 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर. डीपीपासून 300 मीटरवर, वीझलच्या टोकाला घर असेल तर जाण्यायेण्याचा रोध 0.54 ओहम. म्हणजे 7 व्होल्ट वाढले. टोकाच्या चार घरांनी एकाच फेजवर पॅनल बसवले की 28. मूळच्या 230 मध्ये मिळवा: 258. एवढ्यावर इन्व्हर्टर सहसा स्वतःहूनच बंद होतो, आणि ज्या घराने आयुष्यभर ‘व्होल्टेज कमी’ असे अर्ज केले, ते आता ‘व्होल्टेज जास्त’ म्हणून करतं. अर्जदार तोच, खांब तोच.

संध्याकाळचं पान वेगळं. सात वाजता ऊन संपलेलं, स्कूटी चार्जिंगला, आमटी इंडक्शनवर. वेळेनुसार वापर मोजणाऱ्या टीओडी मीटरवाल्या घरांना महावितरण सकाळी 9 ते 5 या वेळेत दरात सवलत देते. पण तेव्हा स्कूटी साखराळ्याला कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभी असते. हे मॉडेलमध्ये कसं घालायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.

हात बसवायला पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये ती राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. घरं शंभराच्या आसपास, घरटी साधारण एकच किलोवॅट. पॅनल असं सगळ्या गावात थोडं थोडं विखुरलं की तारेला ते सोसतं. टोकाच्या चौघांनी तीन-तीन बसवले की नाही सोसत. दोन्ही उदाहरणं सोडवून पाहा.

शेवटची माहिती मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडायची नाही: कोणतं घर कोणत्या फेजवर? ती वायरमनच्या डोक्यात असते. चहा इथे लागतो. तो तुमच्या वहीवर घराघराला लाल, पिवळी, निळी खूण करून देईल. खाली तारीख घाला. पुढच्या वळवाला एक फेज जाईल, रात्री कुणीतरी शिडी लावून दोन घरं शेजारच्या फेजवर घेईल आणि ती तिथेच राहतील. हे पान पेन्सिलीने भरा.