खाणीला रेंज नाही

घरगुती बिटकॉइन खाणीचे नेट गेले, की दोष एकतर जगात असतो नाहीतर घरात. खाणमालकाचा पहिला संशय जगावर जातो. पूलचा, म्हणजे अनेक खाणींना काम वाटणाऱ्या मंडळीचा, सर्व्हर पडला असेल, समुद्राखालची केबल तुटली असेल, सरकारने काहीतरी बंद केले असेल, अशा क्रमाने तो विचार करतो. दोष बहुधा यंत्रापासून दोन हातांच्या आत सापडतो. म्हणून शोध यंत्रापासून सुरू करून बाहेर न्यायचा, असा शास्त्राचा दंडक आहे. व्यवहारात तो बाहेरून सुरू होऊन सावकाश यंत्रापाशी येतो, आणि तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात.

खाण म्हटले की ती घरातले सगळे नेट पिऊन टाकत असणार, असा एक समज आहे. कुणाची मालिका मध्येच अडकली की घरातल्या नजरा त्या खोक्याकडे वळतात. हा निव्वळ अन्याय आहे. पूल यंत्राला पुढच्या ब्लॉकचा, म्हणजे व्यवहारांच्या वहीतल्या पुढच्या पानाचा, मसुदा पाठवतो, यंत्र त्यावर आतल्या आत आकडेमोड करत बसते आणि एखादे बरे उत्तर सापडले तरच ते बाहेर कळवते. या उत्तराला शेअर म्हणतात. ही देवघेव स्ट्रॅटम नावाच्या पद्धतीने चालते. ती २०१२ पासून रूढ झाली आणि तिचे संदेश म्हणजे साधा मजकूर असतो, पोस्टकार्डासारखा. दोन तासांच्या एका एचडी सिनेमाला जेवढा डेटा लागतो, तेवढ्यात खाण कित्येक महिने चालेल. खाणीला वेग नको असतो, फक्त खंड पडायला नको असतो. बहुतेक घरांत नेमके उलटे उपलब्ध असते.

घरात दोन जातींची यंत्रे आढळतात. पहिली म्हणजे कारखान्यातून निवृत्त होऊन आलेली, उदाहरणार्थ २०१६ साली बाजारात आलेले अँटमायनर एस-९. ते दिवसाला बत्तीसएक युनिट वीज खाते, आणि त्याचा आवाज न थांबणाऱ्या मिक्सरसारखा असतो. त्याला वायफाय नाही, केबलच लागते. त्याच्या नेटचे सारे आजार या दोन गोष्टींच्या गाठीतून जन्मतात. आवाजामुळे यंत्र गॅलरीत जाते, यंत्रामागून केबल खिडकीतून जाते आणि खिडकी रोज संध्याकाळी डासांसाठी बंद होते. सरकत्या खिडकीच्या चौकटीत केबल रोज थोडी थोडी चेपत राहते. आत आठ तारा असतात. शंभर मेगाबिटच्या जोडणीला त्यांतल्या चारच लागतात, त्यामुळे केबल बरेच दिवस तग धरते आणि मग ऐन पावसाळ्यात एका रात्री मान टाकते.

निदान सोपे आहे. केबल खोचतात त्या जागेजवळचा दिवा पाहायचा. दिवा पूर्ण विझलेला असेल तर सेटिंगमध्ये शिरण्यात काही अर्थ नाही; दोष केबलीत, जोडात किंवा राऊटरच्या त्या भोकात आहे. जोडाची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असेल, तर केबल खोचलेली दिसते पण असत नाही. हा दोष सर्वांत स्वस्त आहे. त्यामुळे तो सर्वांत शेवटी सापडतो.

दुसरी जात तळहातावर मावते. बिटॅक्स हे तिचे प्रसिद्ध नाव. तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. सोळा-सतरा वॅट वीज, छोटासा पंखा, इवलासा पडदा आणि संपर्काला फक्त वायफाय. नव्या बिटॅक्सचा वेग सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्नांच्या वर जातो. जगभरच्या खाणींची एकत्रित ताकद २०२५ मध्ये याच्या सुमारे ऐंशी कोटी पटींवर पोचली. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक निघतो, हे धरून हिशेब केला, तर एकट्याने खणणाऱ्या बिटॅक्सला एक ब्लॉक मिळायला सरासरी पंधरा हजार वर्षे लागतात. मालकाने हा आकडा शांतपणे स्वीकारलेला असतो. मात्र नेट दहा मिनिटे गेले, की तोच मनुष्य स्टुलावर चढून राऊटर हलवू लागतो. या खणण्यात आधीचे कष्ट पुढे जमा होत नाहीत. प्रत्येक प्रयत्न कोरा असतो, त्यामुळे नेट गेल्याने ‘जवळ आलेला’ ब्लॉक निसटत नाही. हे त्याला ठाऊक असते. स्टुलावरून तो तरीही उतरत नाही.

बिटॅक्सचे बहुतेक दुखणे एका आकड्यात आहे: २.४ गिगाहर्ट्झ. तिच्यातल्या वायफाय चिपला एवढीच लहर ऐकू येते. आजचे राऊटर २.४ आणि ५ या दोन्ही लहरी एकाच नावाखाली सोडतात. फोन ५ वर बसून पूर्ण रेंज दाखवतो, आणि मालक त्याच जागी यंत्र ठेवून ‘इथे तर फुल्ल आहे’ असे म्हणतो. उपाय असा, की राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन लहरींना दोन वेगळी नावे द्यायची आणि यंत्राला २.४ चे नाव सांगायचे. पासवर्ड टाकताना अक्षर लहान की मोठे, हेही एकदा पाहावे. तो पासवर्ड ज्या भाच्याने ठेवला तो सध्या नोकरीसाठी बाहेरगावी असतो.

वाटेतल्या भिंतींपेक्षा वाटेतले धातू आणि पाणी वाईट. लोखंडी कपाट, स्टीलच्या डब्यांची मांडणी आणि पाण्याने भरलेले पिंप यांच्यामागे यंत्र ठेवले, तर त्याला राऊटर दूरच्या नातेवाइकासारखा अधूनमधून भेटतो. मायक्रोवेव्ह २.४ च्याच लहरीच्या आसपास चालतो. म्हणून काही घरांतली खाण रोज दुपारी सव्वा वाजता पडते आणि भाजी गरम झाली की उठते. ही ठराविक वेळ एकदा वहीत लिहून काढली, तर पुढचे निदान स्वयंपाकघरात होते.

ठरलेले वायफाय सापडले नाही, तर बिटॅक्स स्वतःचेच एक वायफाय सुरू करते. फोन त्याला जोडून १९२.१६८.४.१ या पत्त्यावर गेले, की सेटिंगचे पान उघडते. पण फोन शहाणा असतो. या वायफायला इंटरनेट नाही, हे ओळखून तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. मोबाइल डेटा आधी बंद करावा, ही एक ओळ माहीत नसल्याने यंत्र बिघडले म्हणून गुंडाळून ठेवल्याची उदाहरणे आहेत.

यानंतर येतो पत्ता. राऊटर प्रत्येक यंत्राला आयपी देतो, सोसायटीचा वॉचमन पाहुण्याला पास देतो तसा. पास कायमचा नसतो. राऊटर बंद होऊन सुरू झाला, की कालचा पत्ता टीव्हीला गेलेला असू शकतो. मालक जुना पत्ता उघडतो, पान येत नाही, आणि खाण पलीकडे सुरळीत चालू असतानाच ती बंद पडल्याचे घरभर जाहीर होते. अँटमायनरला यासाठी एक बटण आहे. ते दाबले, की लॅपटॉपवरच्या छोट्या प्रोग्रामला यंत्र आपला पत्ता सांगते. बिटॅक्सचा पत्ता पडद्यावर दिसतो. राऊटरमध्ये तो यंत्राच्या नावे राखून ठेवला, की हा प्रश्न मिटतो. नेटवाल्याचा राऊटर आणि त्यापुढे स्वतः घेतलेला राऊटर अशी दोन बिऱ्हाडे असतील, तर फोन एकात आणि यंत्र दुसऱ्यात राहू शकते आणि मग दोघांची गाठ पडेलच असे नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर यंत्र जोडले तरी असेच होते.

इथवर सर्व ठीक असूनही खाण चालत नसेल, तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करून बिटॅक्स त्याला जोडावी. (आयफोनवर हॉटस्पॉट २.४ वर आणण्याची वेगळी कळ असते.) खाण चालू झाली, तर दोष घरच्या राऊटरचा किंवा नेटवाल्याचा. नाही झाली, तर दोष यंत्रात भरलेल्या माहितीचा. या एका चाचणीने नेटवाल्याला केलेले निम्मे फोन वाचतात. उरलेल्या निम्म्यांत ‘राऊटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळते, आणि ते बरेचदा बरोबर असते.

माहितीतले दोष नेटचा वेष घेऊन येतात. बिटॅक्समध्ये पूलचा पत्ता आणि पोर्ट यांचे रकाने वेगळे असतात. सगळा मजकूर एकाच रकान्यात चिकटवला, की जोडणी होत नाही. एकट्याने खणायच्या पूलवर वापरकर्त्याच्या जागी आपल्या बिटकॉइन-पाकिटाचा पत्ता द्यावा लागतो. नव्या धाटणीच्या पत्त्यात ‘बीसी’ आणि एक या सुरुवातीनंतर एक, बी, आय, ओ ही चिन्हे वापरतच नाहीत, कारण वाचताना त्यांची गल्लत होते. तरीही लोक पत्ता हाताने उतरवतात. चुकला, की पूल दारातूनच परत पाठवतो आणि शिव्या वायफायला बसतात. राऊटरचे पोर्ट उघडायला मात्र कुणी सांगितले, तरी उघडू नयेत. यंत्र स्वतः बाहेर फोन लावते, त्याला आत कुणाचा फोन यायचा नसतो.

शेअर उशिरा पोचून बाद होत असतील, तर बहुधा जोडणी लटपटते आहे. परदेशातल्या पूलपर्यंत जायला सेकंदाचा एखाददुसरा दशांश लागतो. शंभरात एखादा शेअर बाद होणे हा आजार नव्हे.

राहता राहिला वीजपुरवठा. वीज गेली, की राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, कारण मालिका; खाण बंद पडते, कारण ती कुणाला दिसत नाही. वीज आली तरी ती सुरू होत नसेल, तर वर सांगितलेले काहीही करण्याआधी भिंतीकडे पाहावे. “अहो, ते तुमचं खोकं काढून मिक्सर लावलाय, चटणी व्हायची आहे,” असे उत्तर स्वयंपाकघरातून आले, तर शोध तिथे संपतो.

चटणी झाल्यावर प्लग परत लावला, की मिनिटभरात पडद्यावर पत्ता येतो, शेअर जाऊ लागतात. पाठोपाठ “आजवर किती मिळाले?” असा प्रश्न येतो. तो नेटच्या दोषांत मोडत नाही.