मोटरहोम, वापरलेली, पेपर क्लिअर

ठाण्यात घर परवडलं नाही की माणूस डोंबिवलीला येतो, डोंबिवली परवडली नाही की कल्याण ओलांडून शहाड-टिटवाळ्याकडे सरकतो, आणि तिथेही बिल्डरने ताबा द्यायला टाळाटाळ केली की नशिबाला बोल लावतो. ही उतरंड आपल्या अंगवळणी पडली आहे. हल्ली मात्र एक वेगळाच वर्ग उगवला आहे. याचं घर कधीच झालंय, हप्ते संपलेत, मुलगा टोरांटोला किंवा निदान बंगळुरूला आहे, व्हीआरएसचे पैसे बँकेत पडून आहेत. जेवणं आटोपली की हा गृहस्थ मोबाइलवर परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ बघत बसतो. ते जोडपं गाडीत उठतं, गाडीतच कॉफी करतं, दार उघडतं तर समोर तळं. आपण खिडकी उघडली की समोर बी विंगचं बाथरूम. मग तो बायकोला म्हणतो, "अगं, आपणही एक मोटरहोम घेऊ या. नवी नको, सेकंडहँड." ती बिचारी ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे घडी करता करता "बघा बाई" म्हणते, आणि याला तो होकार वाटतो.

सरकारही या बाबतीत मागे नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात कॅराव्हॅन पार्क आहेत, म्हणजे गाडी लावायची जागा, वीज, पाणी, सांडपाण्याची व्यवस्था. धोरण वाचताना डोळे पाणावतात. यातल्या कुठल्याच गोष्टीची आपल्याला माणसांच्या घरात खात्री नसते, आणि इथे ती गाड्यांना मिळणार आहे.

तर अशी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी चार शब्द.

पहिलं म्हणजे जुन्या बाजारात अस्सल, मोटरहोम म्हणूनच जन्माला आलेली गाडी सहसा नसते. जे समोर येतं तो कुणाचा तरी पुनर्जन्म असतो. बहुतेक वेळा ट्रॅव्हलर किंवा विंगर. काल-परवापर्यंत ती शिर्डी-शनिशिंगणापूर करत होती किंवा एखाद्या कंपनीची माणसं महापे-रबाळ्याला पोचवत होती. घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, त्यामुळे अधूनमधून म्हातारी झालेली व्हॅनिटी व्हॅनही विकायला निघते. ती ओळखायला सोपी. आरशाभोवती बारा बल्ब, त्यातले तीन चालू. डीलर लगेच कुठल्या नायिकेने याच आरशासमोर कुठलं सासर सोसलं ते सांगायला लागतो. गाडीचं इंजिन कसं आहे हे विचारलं तर मात्र तो नायिकेकडेच परत येतो.

निवडणुका उरकल्या की प्रचाररथही स्वस्तात मिळतात. त्यांना नाकं मुरडू नका, कारण देशातली सर्वांत यशस्वी सेकंडहँड मोटरहोम प्रचाररथच होती. एन. टी. रामारावांनी १९८२ मध्ये एक जुनी शेव्हर्ले व्हॅन दुरुस्त करून घेतली, तिचं नाव 'चैतन्य रथम' ठेवलं, तिच्यात खाल्लं, तिच्यात झोपले, रस्त्याच्या कडेला आंघोळ केली आणि जानेवारी १९८३ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आंघोळ करायला पाणी लागेल, त्यामुळे तुलना तिथेच थांबते.

आता कागद. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीतले गाड्यांचे वर्ग वाचणं ही स्वतंत्र करमणूक आहे. रुग्णवाहिका, शववाहिका, कॅश व्हॅन, लायब्ररी व्हॅन, एक्स-रे व्हॅन, फिरता दवाखाना, जनावरांची रुग्णवाहिका, आणि या गर्दीत अंग चोरून उभा असलेला एक वर्ग, 'मोटर कॅराव्हॅन'. तुम्हाला दाखवलेल्या गाडीच्या आरसीवर हेच दोन शब्द हवेत. तिथे 'ऑम्नी बस' निघालं तर ते सौम्य प्रकरण समजा. 'रुग्णवाहिका' निघालं तर निदान शिळफाट्याला लोक वाट देतील अशी आशा धरू नका, वरचा दिवा कधीच काढलेला असतो. शववाहिका निघाली तर घरी सांगायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न आहे.

आत गादी टाकली, शेगडी बसवली, म्हणून कायद्याच्या दृष्टीने गाडी बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्याने ठरवलेल्या बनावटीत परस्पर फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. डीलरला हा आकडा एकदा ऐकवून बघा. तो जराही न गडबडता म्हणेल, "साहेब, तो पण करून देऊ." करून देईलही. ज्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली, माणसांनी कर्ज काढून त्यांत घरं घेतली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचा पाडण्याचा आदेश आल्यावर त्यांना कळलं की आपण बेकायदा राहतोय, तिथे एक आरसी बुक म्हणजे काय मोठं? फरक एवढाच की तोडायला आले तर गाडी निदान स्टार्ट करून पुढच्या गल्लीत नेता येईल. त्या ६५ इमारतींतल्या लोकांना तीही सोय नव्हती.

कागद अपुरा असेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं वाक्य वाचते ते "गाडीत न कळवलेले बदल" हे. पुढचं वाचायची तिला गरज पडत नाही.

डीलरची भाषा थोडी समजून घ्यावी लागते. गाडी नेहमी 'सिंगल ओनर' असते, मालक नेहमी डॉक्टर असतो, आणि "पार्टी कॅनडाला सेटल झाली, म्हणून अर्जंट". मग फॉर्म २९ आणि ३० वर सही कोण करणार, असं विचारलं की उत्तर तयार, "सही आहे ना काका, घेऊनच ठेवलीय." कोऱ्यावर. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ हवा. तोही डॉक्टरांनी कोरा दिलेला असतो. डॉक्टर फार विश्वासू निघाले म्हणायचे.

गाडी डीएल किंवा एचआर पासिंगची असेल तर 'दिल्लीची गाडी, तिकडचे रस्ते मक्खन' हे ऐकायला मिळेल. रस्त्याचं खरं असेलही. पण दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि तेव्हापासून तिकडच्या गाड्यांना अचानक महाराष्ट्राची ओढ लागली. तिकडची एनओसी, इथे नव्याने नोंदणी, नव्याने रोड टॅक्स, हे सगळं मिळवून स्वस्त गाडी किती स्वस्त उरते ते घरी कागदावर मांडा. डीलरच्या कॅल्क्युलेटरवर मांडू नका.

मीटर चाळीस हजार दाखवत असेल तर खाली वाका आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. चाळीस हजारांत ते गुळगुळीत होत नाही. स्टीअरिंगला नवं कव्हर घातलेलं असेल तर ते सारून खालची कातडी बघा. ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत, अगदी शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची फिकट तपकिरी रेघ दिसली तर गाडी पाण्यात बसून आलेली आहे. उल्हास नदीच्या आणि वालधुनीच्या काठच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ आपण पाहिलाय, आणि जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली तेही. आगगाडी जिथे बुडते तिथे ट्रॅव्हलरचं काय? गाडीत शिरल्या शिरल्या मोगऱ्याचा भपका आला तर तो मोगरा कशावर शिंपडलाय ते शोधा. गादी उचला. खालचा प्लाय बोटाने दाबा. फुगला असेल, दबत असेल, तर छत गळतंय. मग वर चढा. छतावरच्या व्हेंटभोवती एम-सीलचे तीन वेगवेगळ्या रंगांचे थर दिसतील. त्यावरून गाडीने किती पावसाळे काढले ते मोजता येतं, आरसीपेक्षा जास्त खात्रीने. आतलं फर्निचर 'इम्पोर्टेड' आहे म्हणाले, तर उल्हासनगर इथून किती किलोमीटरवर आहे ते आठवावं.

"यात चार जण झोपतात" हे विधान मात्र मला मान्य आहे. लोकलच्या तीन जणांच्या सीटवर चौथा बसवणाऱ्या, आणि चौथ्याने मोबाइल काढला की पाचव्याने त्यात डोकावणाऱ्या प्रदेशात चार म्हणजे सहा. पाण्याचंही तसंच. परदेशी व्हिडिओंत अर्धा वेळ टाकीतलं पाणी पुरवून कसं वापरायचं ते शिकवतात. ते कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांतल्या कुणाला शिकवा बघू! ही गावं १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आली, आणि या सगळ्या काळात टँकर तेवढा इमानदारीने येत राहिला.

टाकी भरण्याचा प्रश्न नाही, रिकामी करण्याचा आहे. मोटरहोममध्ये संडासाची वेगळी टाकी असते आणि ती दोन-तीन दिवसांनी कुठेतरी ओतावी लागते. कॅराव्हॅन पार्कमध्ये त्याची सोय धोरणाने केली आहे. डोंबिवली पूर्वेत सोय नाल्याने केली आहे, असं म्हणू नका. बायको गाडीतून उतरून रिक्षाने घरी जाईल.

टेस्ट ड्राइव्ह घोडबंदरला मागू नका, तिथे दुसरा गिअर पडेपर्यंत दिवस मावळतो. कल्याण-शीळ रस्त्याला न्या. खड्ड्यांतून वीस मिनिटं गाडी चालली की जे जे सैल आहे ते बोलायला लागतं. कपाटांची दारं उघडतात, सिंकखालचा पाइप सुटतो, फ्रिज आपली जागा सोडून पुढे बसायला येतो. एवढं होऊनही डीलर "अलाइनमेंटचं काम आहे थोडं" म्हणाला तर त्याच्या संयमाला दाद द्या. पुढे वेळ असेल तर भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्ग धरा. जून २०२५ पासून तो इथून थेट नागपूरपर्यंत, ७०१ किलोमीटर, सुरू झालाय. तिथे वेगात स्टीअरिंग थरथरतंय का ते कळेल, आणि गाडीतला संडास या प्रवासात किती मोलाचा आहे तेही.

सर्वांत अवघड भाग म्हणजे गाडी घरी आणणं. हाय-रूफ ट्रॅव्हलर उंचीला अडीच मीटरच्या पुढे जाते. सोसायटीचा स्टिल्ट मारुती ८०० च्या काळात बांधलेला, त्यातून बीमला पाइप लटकलेले. म्हणजे गाडी बाहेर, गेटपाशी, पाहुण्यांच्या जागेत. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागतो, "पार्किंगमध्ये स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे." तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे आजोबा दुपारी आत डोकावून "एसी आहे का?" विचारतात. महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा. विषय एक, गाडीत राहिल्यास तो फ्लॅट धरायचा की वाहन. खजिनदार म्हणतात, चौरस फुटाने मेंटेनन्स लावा. सेक्रेटरी म्हणतात, मालक गाडी घेऊन दोन महिने कोकणात गेले तर फ्लॅट रिकामा, म्हणजे बिनभोगवटा शुल्क. कुणीतरी नियम काढून दाखवतं की ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ते भाडेकरू ठेवल्यावर असतं. "मग गाडीत भाडेकरू नाही हे सिद्ध करा," असा ठराव बहुमताने मंजूर होतो. रस्त्यावर लावावी तर डोंबिवलीच्या फडके रोडला दिवाळी पहाटेला ती गाडी सेल्फीसाठी वापरली जाईल आणि सकाळपर्यंत तिच्या सावलीत वडापावची गाडी लागलेली असेल.

माझं मत विचाराल तर गावाकडे आंगण असेल, आंगणात गाडी लावून बोअरची नळी जोडता येत असेल, तरच जुनी मोटरहोम घ्या. नाहीतर मुंबई-पुण्यात भाड्याने मिळते, ती घ्या आणि गणपतीत मुंबई-गोवा महामार्गाला लावा. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. गाडीत बिछाना, शेगडी आणि संडास तिघांचाही पुरेपूर उपयोग होईल असा राज्यात दुसरा रस्ता नाही.

तरीही विकतच घ्यायची असेल, तर आधी सोसायटीचं लेखी पत्र आणा. मग गाडीचा नंबर 'वाहन'वर टाकून वर्ग, बोजा, विमा आणि बाकी चलनं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, डीलरने पाठवलेला स्क्रीनशॉट नको. आणि 'मोटर कॅराव्हॅन' हे शब्द दिसेपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका. डीलर म्हणेल, "काका, दुसरी पार्टी उभी आहे." उभी राहू द्या.