आधी छायाचित्रकार व्हा, फोटो सावकाश काढा

छायाचित्रणाची सुरुवात कॅमेऱ्याने होते हा गैरसमज आहे. सुरुवात लोगोने होते. आपल्या नावापुढे ‘फोटोग्राफी’ जोडून तो फोटोच्या कोपऱ्यात असा ठसठशीत बसवावा, की मागच्या फोटोची त्याला अडचण होऊ नये.

मग कॅमेरा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: मेगापिक्सेल किती? कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये जुळवलेला डिजिटल कॅमेरा 0.01 मेगापिक्सेलचा होता आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. आज 24 मेगापिक्सेलमध्ये वीस इंची प्रिंट झकास निघते. आपले फोटो मोबाइलच्या स्टेटसला लागणार असल्यामुळे 45 तरी हवेतच.

लेन्सचे हूड उलटे बसवलेले मिळते, ते पिशवीत मावावे म्हणून. फोटो काढतानाही तसेच ठेवावे. जाणकार लांबूनच ओळखतात.

आता अ‍ॅपर्चर. इथे आकडा लहान तितके भोक मोठे. कारण हा साधा भागाकार आहे: लेन्सचे फोकल अंतर भागिले भोकाचा व्यास. 50 मिमीच्या लेन्सला एफ 2 म्हणजे 25 मिमीचे भोक, एफ 16 म्हणजे जेमतेम तीन. एफ 1.8 वर मागचे सगळे छान धूसर होते, म्हणून नवशिक्याने तिथून हलूच नये. बारशाच्या ग्रुप फोटोत पुढच्या रांगेतल्या आत्याची नथ मोत्यांसकट टिपली जाईल आणि मागचे काका धुक्यात जातील. एफ 8 वर तेही दिसले असते. काका रागावलेच तर त्यांना लेन्सची किंमत सांगावी.

शटरचा सराव भिगवणला करावा. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. उडता रोहित गोठवायला 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते. आपण 1/60 ठेवावे. जो गुलाबी फराटा उमटेल त्याला ‘गती’ असे शीर्षक द्यावे.

आयएसओ अंधारात वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तसाच विसरावा.

उजेडाचा अभ्यास करू नये. सूर्योदयानंतर तासभर तो तिरपा आणि मऊ असतो, पण ती पोह्यांची वेळ. भर बाराला बाहेर पडावे. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या आपोआप मिळतात. राहिलेली कसर सॅच्युरेशनची पट्टी भरून काढते. कासच्या पठारावरचा गुलाबी तेरडा जांभळा झाला की थांबावे.

इतके जमले की नात्यातून मुंजीचे आमंत्रण येतेच: “येताना तुझा तो कॅमेरा घेऊन ये हं.” मानधनाचा विषय काढू नये. बॅटरी चार्ज करून, कार्ड रिकामे करून जावे आणि घरून जेवून निघावे. पंगत बसल्यावर फोटो काढणाऱ्याला पानावर कोणी बोलावत नाही.